नवी रचना वाजवताना ऑर्केस्ट्रातल्या वादकांनो, या चुका टाळा

"समकालीन संगीतात चुकलं तरी कुणाला कळतंय?" रिहर्सलच्या मधल्या सुट्टीत हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरतं. एकोणिसाव्या शतकातल्या ब्राम्सची सिंफनी वाईट वाजली तर लोक वादकांना नावं ठेवतात. नवी रचना वाईट वाजली तर रचनेलाच ठेवतात, आणि बहुतेकदा तिला दुसरी संधी मिळत नाही.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो रचनेतल्या खास चिन्हांचे अर्थ सांगणारं पान न वाचल्यामुळे. पार्टच्या (एका वाद्यापुरत्या सुरांच्या प्रतीच्या) सुरुवातीच्या या पानावर वाजवायला काही नसतं, म्हणून उतावळे लोक ते उलटून थेट अवघड पॅसेजवर धावतात. एकदा व्हायोला विभागाच्या झेरॉक्स काढताना कुणीतरी ते पानच वगळलं. त्या रचनेत काही शार्पच्या (सूर अर्ध्या स्वराने चढवणाऱ्या) चिन्हांना वर जाणारा बाण होता: सूर आणखी पाव स्वराने चढवा. निम्म्यांनी अंदाजाने चढवला, निम्म्यांनी साधा शार्प वाजवला. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, काही केल्या लागेना. कंडक्टरने शेवटी एकेका स्टँडला (एका पार्टवरून वाजवणाऱ्या जोडीला) वेगळं वाजवायला लावलं. तोवर सभागृहात मागे बसलेली संगीतकार आपणच चुकीचं लिहिलं की काय, या शंकेने स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र लिहिलेली प्रत) चाळत होती. तिचा चेहरा बघवत नव्हता.

शिवाय एका रचनेतली चिन्हं दुसरीत चालतील असं नाही. पेंडेरेत्स्की या पोलिश संगीतकाराने हिरोशिमाच्या बळींसाठी ५२ तंतुवाद्यांची रचना लिहिली, तिच्यात काळा त्रिकोण म्हणजे त्या वाद्यावर निघेल तेवढा उंच सूर. हे पान वाचल्याशिवाय कसं कळणार? मी सगळी चिन्हं हाताने एका कार्डावर उतरवून पार्टच्या पहिल्या पानाला चिकटवते. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवणारे तो फोटो पुन्हा उघडत नाहीत, हे मी कायम बघते.

दुसरी चूक चांगले, शिस्तीचे वादक करतात: जिथे जुळवायचं नाही तिथेही शेजाऱ्याशी जुळवून घेतात. पोलंडच्याच लुटोस्वाव्स्कीने १९६१ मध्ये 'व्हेनेशियन गेम्स'मध्ये जी पद्धत आणली, तिच्यात कंडक्टर फक्त भाग सुरू झाल्याची खूण देतो. पुढे प्रत्येकाने आपापल्या गतीने वाजवायचं. पण शेजाऱ्याच्या बो-कडे (गजाकडे) बघत एकत्र राहण्याची सवय इतकी मुरलेली असते की थोड्याच वेळात दोन-दोन स्टँड एका लयीत येतात आणि सगळा पोत गुठळ्यांचा होतो. असे भाग मी घरीच ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर बसवते आणि स्टँड-पार्टनरपेक्षा जरा वेगळी गती आधी ठरवून येते.

कॉम्प्युटरने वाजवलेला नमुना ऐकून पार्ट बसवू नका. त्यात बासरीचा खालचा सूरही ट्रॉम्बोनच्या वर ऐकू येतो. प्रत्यक्षात त्या सुराची वाट बघत बसाल आणि तुमची एंट्री जाईल. त्यापेक्षा लायब्ररीतून स्कोअर घ्या आणि लांब विरामानंतर कोण ऐकू येणार ते पार्टमध्ये लिहून ठेवा.

सात-अष्टमांश (७/८) ताल दिसला की आपल्याकडची मंडळी रूपक (३+२+२) धरतात. संगीतकाराला कदाचित २+२+३ हवं असेल. गट बघा, त्यावर पेन्सिलीने उभ्या रेघा मारा.

कोल लेन्योसाठी, म्हणजे बोच्या लाकडी दांडीने तारांवर वाजवण्यासाठी, जुना, स्वस्त बो वेगळा ठेवा.

शंका असली तर आधी विभागप्रमुखाला विचारा, आणि तीही पहिल्या रिहर्सलच्या आधी. तेव्हा संगीतकाराला फोन करून खुलासा घेता येतो.