डिफरन्शियलचं झाकण उघडण्याआधी

पाऊस लागायच्या आत आईला ओंकारेश्वरला न्यायचंय. जीप भेरूघाटातून जाणार आणि मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्यातून, तेल पाझरतंय. मॅन्युअलमध्ये दिलेलं सीलंट (झाकणाची फट बंद करणारी पेस्ट) इंदुरात कुठेच मिळालं नाही, म्हणजे पर्याय शोधणं आलं. ज्यांना हेच काम करायचं असेल त्यांनी सीलंटची ट्यूब घ्यायला सियागंजच्या बाजाराकडे निघण्याआधी एवढं बघून घ्यावं.

पहिलं म्हणजे गळती नक्की कुठून आहे? हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियलचं बाहेरचं कवच, धुऊन कोरडं करा, दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा आणि टॉर्च घेऊन खाली शिरा. झाकणाच्या कडेने ओल दिसली तरच सीलंटचा प्रश्न. पिनियनच्या बाजूने (जिथे इंजिनाकडून येणारा दांडा आत शिरतो) असेल तर तिथलं ऑइल सील, म्हणजे दांड्याभोवतीची रबरी कडी, बदलावं लागेल. आणि अॅक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी छोटी नळी, उघडून बघाच. तो चिखलाने बुजला की तापलेली हवा आत कोंडते आणि सीलमधून तेल बाहेर ढकलते. मग कितीही चांगलं सीलंट लावा, गळती पुन्हा सुरू होते.

आता ट्यूब. दुकानात बहुतेक जण ३००-३५० अंश सोसणारं लाल सिलिकॉन मागतात. पण डिफरन्शियल घाटातसुद्धा त्याच्या जवळपास तापत नाही. इथे खरी परीक्षा गिअर ऑइलची असते. त्यात दातांच्या बचावासाठी गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात आणि साधं सिलिकॉन त्यात हळूहळू फुगून मऊ पडतं. मागच्या वेळी मी घाईत मिळेल ती ट्यूब लावली होती. उघडताच सिरक्यासारखा वास आला, तरी लावली. काही महिन्यांनी झाकण काढलं तेव्हा ते सिलिकॉन ओल्या रबरासारखं बोटाने सोलून निघालं आणि खाली लोखंडावर गंजाची रेघ होती. सिरक्याचा वास म्हणजे आम्ल सोडणारं सिलिकॉन. ते खिडक्या-बेसिनसाठी ठीक, इथे नको. आम्ल न सोडणारं, ‘न्यूट्रल क्युअर’ आरटीव्ही (साध्या तापमानालाच पक्कं होणारं सिलिकॉन) घ्या आणि ते गिअर ऑइलला टिकतं असं कंपनीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं बघा. नुसतं ‘ऑइल रेझिस्टंट’ वाचून समाधान मानू नका. ट्यूबची मुदतही तपासा.

लॉक्टाइट ५१८ सारखं अॅनेरोबिक, म्हणजे हवा न मिळाल्यावर पक्कं होणारं, सीलंट कुणी सुचवेल. माल उत्तम आहे, पण ते मशीन केलेल्या, घट्ट बसणाऱ्या दोन फेसमध्येच (एकमेकांवर टेकणाऱ्या पृष्ठभागांत) काम करतं, फट पाव मिलिमीटरच्या आत असेल तर. पत्र्याचं झाकण वाकतं, तिथे आरटीव्हीच बरं. तयार पॅकिंग मिळत असेल तर तेही चालेल; शेलॅक (पॅकिंगला लावायचा लाखेसारखा चिकट पदार्थ) मात्र एकटं लावू नका.

गिअर ऑइल GL-5 दर्जाचं, 80W-90 जाडीचं आमच्या जीपला लागतं. तुमच्या गाडीचं मॅन्युअलमध्ये बघा. सोबत ब्रेक क्लीनर, धागे न सोडणारं कापड, स्क्रेपर आणि टॉर्क पाना (ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा).

सोडताना आधी भरायचा प्लग उघडा. तो जाम असेल आणि तेल आधीच काढून टाकलं असेल तर गाडी तिथेच उभी राहील. जुनं सीलंट स्क्रेपरने काढा. ग्राइंडरची चकती नको, तिची बारीक कच बेअरिंगमध्ये जाते. झाकण सपाट काचेवर ठेवून बघा: बोल्टांच्या भोकांशी पत्रा आत दबलेला असतो, तो हलक्या हाताने ठोकून सरळ करा. शेवटी फेस ब्रेक क्लीनरने पुसा, डिझेल-रॉकेलने नाही. त्यांचा तेलकट थर मागे राहतो.

सीलंटची रेघ सुमारे तीन मिलिमीटरची, अखंड, प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूने वळवलेली. जास्त लावलेलं आत ओघळून तुटतं आणि तेलात फिरतं. वर साय धरण्याआधी झाकण बसवा. बोल्ट आमनेसामने, आधी हाताने. पूर्ण कधी आवळायचे ते ट्यूबवर लिहिलेलं असतं.

आरटीव्ही हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं. मे महिन्यातली आपल्याकडची हवा अगदी कोरडी, त्यामुळे वेळ जास्त लागतो. एक रात्र पुरेशी मानू नका, पूर्ण दिवस-रात्र थांबा, मगच तेल भरा. गाडी सपाट जागी उभी करून, तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत. निघायच्या दोन दिवस आधी एक फेरी मारून या आणि रात्री अॅक्सलखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा.