डिंगी घेण्याआधी: बोटीची किंमत नंतर, शीड कोण विकतं ते आधी पाहा

डिंगीच्या, म्हणजे छोट्या शिडाच्या बोटीच्या, शर्यतीत नव्याने येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो बोट केवढ्याला पडेल हा. मी उलट विचारतो, शीड कोणाकडून घेणार? बऱ्याच जणांना हे आडवळणाचं वाटतं. पण हल, म्हणजे बोटीचं मूळ अंग, नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. शीड मात्र ताणून ताणून ढिलं पडतं, दोर झिजतात, मास्ट (शिडाचा उभा खांब) वाकते, सुकाणूच्या पात्याचे टवके उडतात. यातला प्रत्येक भाग कोण बनवू शकतं आणि शर्यतीत कोणाचा चालतो, हे तुमच्या क्लासचे, म्हणजे एकाच जातीच्या बोटींच्या गटाचे, नियम ठरवतात. क्लास निवडला की पुढच्या काही वर्षांचा दुकानदारही निवडून होतो.

वन-डिझाइनची, म्हणजे सगळ्यांनी सारख्याच बोटीने शर्यत करण्याची, कल्पना मुळात खर्चाला लगाम घालण्यासाठीच निघाली. 1887 मध्ये डब्लिनच्या उपसागरात थॉमस मिडलटन यांच्या पुढाकाराने ‘वॉटर वॅग’ डिंग्यांचा क्लास सुरू झाला. तोवर ज्याचा खिसा गरम तो पुढच्या हंगामात आणखी वेगवान बोट बांधून घेई आणि बाकीच्यांच्या बोटी कवडीमोल होत. सगळ्यांची बोट सारखी केली की शर्यत हातातल्या कसबावर येईल, हा मिडलटन यांचा विचार. तो क्लास आजही शर्यती भरवतो.

आता ‘सारखी’ म्हणजे किती सारखी आणि ते तपासायचं कोणी, इथे खरी गोम आहे. एक पद्धत मोजमापाची. नियमात मापं आणि त्यांत किती फरक चालेल ती सूट दिलेली असते, बोट कोणीही बांधावी, मेझररने (क्लासच्या मोजणाऱ्याने) मोजून पास करावी. फोर-सेव्हन्टी, स्नाइप, फिन हे क्लास साधारण या वळणाचे. फायदा असा की अनेक बांधणारे, शिडं शिवणारेही अनेक, त्यामुळे भावात घासाघीस करता येते. तोटा असा की मापाच्या सुटीत जे बसेल ते सगळं विकत मिळतं. फिनचंच बघा. वजन नियमाइतकंच ठेवून ते मधोमध आणायचं आणि दोन्ही टोकं हलकी ठेवायची, म्हणजे बोट लाटांवर कमी हेलकावते. ही युक्ती महागडी होत चालली तेव्हा 1970 च्या दशकात लँबोली चाचणी आली. हल टांगून लंबकासारखा झुलवायचा आणि झोक्याचा वेळ मोजायचा. वजन कुठे लपवलंय ते त्यातून कळतं. एका पळवाटेसाठी केवढा खटाटोप! आणि मोजायचं कोणाला सुचलं नाही अशा पुढच्या पळवाटेवर पैसा ओतणारे तयारच असतात.

दुसरी पद्धत कारखान्यावरच ताबा ठेवण्याची. लेझर हे तिचं सगळ्यांत मोठं उदाहरण. ब्रूस कर्बी यांनी 1969 मध्ये आराखडा काढला, 1971 मध्ये बोट बाजारात आली, आणि आजवर दोन लाखांहून जास्त बनल्या. ही बोट कशी बांधायची ते एका बांधणी-पुस्तिकेत लिहिलेलं आहे. ती परवानाधारक कारखान्यांपुरतीच असते, तुम्हा-आम्हाला दिसत नाही. तयार बोट इंचाइंचाने मोजण्यापेक्षा कारखाना पुस्तिकेप्रमाणे चालतो का, यावर भर. नियमांचा गाभा असा की जे करायला स्पष्ट परवानगी दिलेली नाही, ते करायचं नाही. नवख्या माणसाला हा नियम जाच वाटतो. मला विचाराल तर तो त्याचा सगळ्यांत मोठा आधार आहे, कारण शेजारच्याने जास्त पैसे खर्चून काही ‘सुधारलेलं’ आणलंय का, ही धाकधूक राहत नाही.

पण या पद्धतीची किंमत शिडात मोजावी लागते. क्लासच्या शर्यतीत अधिकृत शीडच चालतं, त्याच्या कोपऱ्यावर क्लासचं बटण असावं लागतं. तशाच मापाचं रेप्लिका शीड, म्हणजे क्लासची मान्यता नसलेली नक्कल, खूपच स्वस्तात मिळतं. लेझरच्या जुन्या स्टँडर्ड (सगळ्यांत मोठ्या आकाराच्या) शिडाचं कापड पातळ होतं. जोराच्या वाऱ्यात काही रेगाटा (अनेक शर्यतींच्या स्पर्धा) झाल्या की मागची कड फडफडायला लागे आणि वाऱ्याच्या विरुद्ध जाताना बोट वाऱ्याच्या पुरेशी जवळ धरता येईना. त्याच आकाराचं जाड कापडाचं रेप्लिका जास्त टिके आणि पडेही स्वस्त, त्यामुळे लोक वैतागत. जाड कापडाचं एमके-टू शीड क्लासने आणलं ते 2015-16 मध्ये. पुढे 2017 मध्ये मास्टचा वरचा तुकडा ॲल्युमिनियमऐवजी कॉम्पोझिटचाही चालू लागला. तो महाग आहे खरा, पण ॲल्युमिनियमचा तुकडा व्हँग, म्हणजे शिडाखालचा दांडा खाली ओढणारा दोर, कचकून ओढल्यावर कायमचा वाकतो आणि मग सपाट जागी लोळवला की त्याचा बाक लगेच दिसतो. दर मोठ्या वाऱ्याला नवा तुकडा घेण्यापेक्षा एकदाच जास्त पैसे मोजलेले परवडतात. पुरवठादार मोजके असले की असे बदल सावकाश येतात, आणि तोवर भुर्दंड खेळाडूला.

पुरवठादाराशीच बिनसलं तर काय होतं, तेही याच क्लासने पाहिलं. कर्बी यांनी 2013 मध्ये रॉयल्टीवरून दावा लावला. 2019 मध्ये क्लासच्या संघटनेने युरोप-अमेरिकेला बोटी पुरवणाऱ्या कारखान्याची मान्यता काढली. संघटनेने दिलेलं कारण असं की पुस्तिकेप्रमाणे बांधणी होते का, याची तपासणी कारखान्याने करू दिली नाही. ‘लेझर’ हे नाव मात्र त्या कंपनीच्या हातात होतं, म्हणून संघटनेने बोटीचं नावच बदलून आयएलसीए (संघटनेच्याच नावाची आद्याक्षरं) केलं. एकाच हलवर तीन आकारांची शिडं लागतात: आज स्टँडर्ड म्हणजे आयएलसीए 7, रेडियल म्हणजे 6, फोर-पॉइंट-सेव्हन म्हणजे 4. त्याच सुमारास वर्ल्ड सेलिंगने (या खेळाच्या जागतिक संघटनेने) ऑलिम्पिक क्लासेसकडे आग्रह धरला की लायक कारखान्याला वाजवी अटींवर परवाना मिळाला पाहिजे. त्यानंतर नवे बांधणारे आले, पुरवठा मोकळा झाला. सोबत कुजबुजही आली की अमक्या कारखान्याचा हल ताठ, तमक्याची मास्ट बरी. यातलं बरंचसं स्लिपवेवरच्या (बोटी पाण्यात उतरवायच्या उतारावरच्या) गप्पांतच विरून जातं, पण पैसेवाल्यांना ते ऐकून बोट बदलायची सुरसुरी येतेच.

मुलांच्या ऑप्टिमिस्ट क्लासकडे दोन्ही पद्धतींची मिसळ आहे. क्लार्क मिल्स यांनी 1947 मध्ये प्लायवुडची ही छोटी बोट काढली. हल बांधणारे अनेक असले तरी त्याची मापं आता फार काटेकोर आहेत. शिडं मात्र बरेच जण शिवतात, आणि मुलाच्या वजनाप्रमाणे वेगवेगळ्या कापाची मिळतात. पालकांचे पैसे जातात ते इथे. मूल वाढतं, वजन बदलतं, शीड बदलतं. मुलगा अजून वळण घेताना बूमवर (शिडाखालच्या दांड्यावर) डोकं आपटतोय आणि बाप त्याच्यासाठी भारी कापाचं शीड मागवतोय, हे दृश्य मी इतकं पाहिलंय की आता काही बोलत नाही.

मग नवख्याने करायचं काय? आधी जिथे शिकणार तिथे कोणत्या क्लासच्या बोटी जास्त आहेत ते पाहा. एकट्याने वेगळा, चकचकीत क्लास घेतला तर शर्यत कोणाशी लावणार? मग जुनी बोट घ्या, पण बघून. आयएलसीएची मास्ट ज्या भोकात बसते त्यात काठोकाठ पाणी भरा आणि थोडा वेळ थांबा. पातळी खाली गेली तर पाणी हलच्या आत झिरपतंय, आणि मास्टचा सगळा जोर तिथेच येतो. भोकाभोवतीचा डेक अंगठ्याने दाबा. मऊ लागला, दबला, तर पुढे बोलणी नकोत. मागचं बूच काढून बोट तिरकी करा आणि आतून किती पाणी येतं ते पाहा. विकणारा ‘कालच धुतली होती’ म्हणाला तर हसून सोडून द्या. बोटीवरची क्लासच्या मान्यतेची पाटी आणि बोटीचा नंबर जुळतोय का, शिडावर बटण आहे का, हेही तिथेच बघून घ्या. 2019 च्या भानगडीनंतर तर पाटी बघितल्याशिवाय पैसे देऊच नका.

शिडं दोन ठेवा. सरावाला रेप्लिका किंवा कोणीतरी टाकलेलं जुनं, आणि अधिकृत शीड फक्त शर्यतीपुरतं. नवं शीड किनाऱ्यावर फडफडत ठेवू नका. कापड जेवढं वाऱ्यात ताणून थकतं तेवढंच फडफडूनही थकतं. दोर आणि पुल्यांच्या बाबतीत आयएलसीएचे नियम आता बरेच सैल आहेत, त्यामुळे तिथे ब्रँडमागे धावायची गरज नाही. व्हँगचा दोर ओढताना हातातून सरकू नये आणि सोडल्यावर लगेच सुटावा, एवढं बघा.

रेप्लिका शर्यतीत चालेल का, हे मात्र कोणाच्या तोंडी शब्दावर सोडू नका. बरेच क्लब स्थानिक शर्यतीत चालवून घेतात. पण शर्यतीच्या नियमांत नियम 87 आहे: क्लासचा नियम बदलायचा तर क्लासच्या नियमांतच तशी मुभा हवी, किंवा क्लासच्या संघटनेची लेखी परवानगी. बोट नियमात ठेवण्याची जबाबदारी नियम 78 प्रमाणे मालकावर आणि बोटीचा ताबा असलेल्यावर येते. त्यामुळे ‘सगळेच वापरतात’ हे प्रोटेस्टच्या (नियमभंगाच्या तक्रारीच्या सुनावणीच्या) खोलीत उत्तर होत नाही.

मोठ्या रेगाटात तपासणीच्या दिवशी शीड, मास्ट, सुकाणू यांवर शिक्के मारतात आणि पुढे तेवढेच भाग वापरायचे असतात. काही मोडलं तर आधी समितीकडून बदलायची परवानगी घ्यावी लागते, नाहीतर दुरुस्त बोटीने केलेली शर्यतही हातची जाते. म्हणून तपासणीला जाण्याआदल्या संध्याकाळी मास्टचा वरचा तुकडा लोळवून बघा, रिव्हेट हलतात का ते बोटाने चाचपा आणि शंका असेल तर शिक्का पडण्याआधीच बदला.