डॉकबुक शिकायचंय? एका फंक्शनपासून सुरुवात करा

डॉकबुक ही डॉक्युमेंटेशन लिहायची एक्सएमएल भाषा. तिच्यात शेकडो टॅग आहेत, पण लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन लिहायला त्यातले वीसेक पुरतात. टीममध्ये कुणी नवीन आलं की मी त्याला ‘बुक’ आणि ‘चॅप्टर’ या टॅगकडे बघूच देत नाही. थेट ‘रेफएंट्री’, म्हणजे एका फंक्शनची माहिती देणारं पान, लिहायला बसवतो. एक फंक्शन, एक रेफएंट्री, एक फाइल.

सी भाषेतलं स्ट्रलेन हे स्ट्रिंगची लांबी देणारं फंक्शन घ्या. रेफएंट्रीच्या टॅगवर डॉकबुकची नेमस्पेस (टॅग डॉकबुकचे आहेत हे सांगणारा पत्ता) आणि व्हर्जन 5.0 टाका. रेफमेटामध्ये फंक्शनचं नाव आणि मॅनव्हॉलनम 3, म्हणजे मॅन पेजेसमधला (युनिक्समधली मदतीची पानं) लायब्ररी फंक्शन्सचा विभाग.

पुढे रेफनेमडिव्ह. त्यातल्या रेफपर्पजच्या एका ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. मॅन पेज केलं की तीच ओळ वर ‘नेम’खाली येते आणि अ‍ॅप्रोपोसने (मॅन पेजेस शोधायची कमांड) शोधणाऱ्याला तेवढीच दिसते. ‘स्ट्रिंगचं फंक्शन’ लिहून कुणाचं भलं होणार? ‘स्ट्रिंगची लांबी बाइटमध्ये देतं, शेवटचा नल मोजत नाही’ असं लिहा.

मग रेफसिनॉप्सिसडिव्ह, त्यात फंकसिनॉप्सिस, त्यात फंकप्रोटोटाइप. फंकडेफमध्ये आधी रिटर्न टाइप, मग ‘फंक्शन’ टॅगमध्ये नाव. प्रत्येक पॅरामीटरला वेगळा पॅरामडेफ. कंस, स्वल्पविराम हाताने घालू नका, ते स्टाइलशीट (एक्सएमएलमधून पान तयार करणारी फाइल) घालते. पॅरामीटरच नसतील तर रिकामा ‘व्हॉइड’ टॅग.

बाकीचं, म्हणजे वर्णन, रिटर्न व्हॅल्यू, उदाहरण, एकेका रेफसेक्शनमध्ये. उदाहरणातला कोड प्रोग्रामलिस्टिंगमध्ये जातो आणि हटकून तिथेच फाइल मोडते: ‘पेक्षा लहान’चं चिन्ह किंवा अँपरसँड दिसला की पार्सर अडतो. सरळ सीडेटामध्ये, म्हणजे पार्सर टॅग म्हणून वाचत नाही अशा भागात, गुंडाळा.

प्रत्येक नव्या टॅगनंतर रिलॅक्स एनजी स्कीमावर (कुठला टॅग कुठे चालतो याचे नियम) फाइल तपासा. एक्सएमएललिंटही हे काम करतं, पण त्याचे एरर वाचून डोकं उठतं. मी त्याऐवजी जिंग हे तपासणीचं टूल वापरतो. फाइल पास झाली की एक्सएसएलटीप्रॉक या स्टाइलशीट चालवणाऱ्या कमांडने मॅन पेज काढा, मात्र स्टाइलशीट नेमस्पेसवाल्या घ्या.

जुनी उदाहरणं नुसती उचलू नका. त्यात व्हर्जन 4 ची डीटीडी (नियमांची जुनी पद्धत) आणि साधा ‘आयडी’ असतो. 5 मध्ये तो ‘एक्सएमएल:आयडी’ झाला.

पुढच्या फंक्शनला हीच फाइल कॉपी करा. फाइली साठल्या की ‘रेफरन्स’ टॅगखाली एक्सइन्क्लूडने (एका फाइलीत दुसरी ओढून घ्यायची सोय) एकत्र आणा.