कॉफीचा नमुना घरच्या घरी कसा पाहायचा

पाकिटावर ‘चार पिढ्यांची इस्टेट’ असं छापलं की भाव चढतो. सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीवर वाढलेल्या माझ्यासारख्याला त्याचं फारसं कौतुक नाही. सौद्यात शेतकऱ्याच्या आजोबांचं नाव कुणी विचारत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतात. कर्नाटकातल्या चिकमगळूर किंवा कोडगूची कॉफी थेट मळेवाल्याकडून मागवायची असेल, तर ही सवय लावून घ्या.

एकदम किलोभर मागवू नका. दोन-तीन इस्टेटींची, म्हणजे मळ्यांची, लहान पाकिटं घ्या, न दळलेली आणि चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) नसलेली. पाकिटावर भाजल्याची तारीख हवीच. नुसत्या पॅकिंगच्या तारखेवर जाऊ नका. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची, भाजलेल्या कॉफीचं तसं नाही. पाकीट फोडल्यावर महिन्याभरात तिचा वास बसतो. अगदी काल भाजलेलीही नको, कारण बियांत अडकलेला वायू बाहेर पडायला आठवडाभर तरी लागतो.

मग मळेवाल्याला फोन लावा. पिढ्यांचा खरा उपयोग इथे कळतो. सावलीला कोणती झाडं आहेत ते विचारा. अरेबिका (कॉफीची एक मुख्य जात) उन्हात उघडी पडली की पांढरा खोडकिडा जोर धरतो, आणि वर छत्री धरणारा सिल्व्हर ओक किंवा फणस काही दोन वर्षांत उभा राहत नाही. तो आजोबांनीच लावलेला असावा लागतो. (आपल्या पाचगणीत रस्त्याकडेला दिसतो तोच सिल्व्हर ओक. तिकडे त्याच्या खोडावर मिरीचे वेल चढवतात.) वाण विचारा. जुन्या बागांत बहुधा ‘७९५’ सापडेल. कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राचा हा वाण १९४० च्या दशकात आला आणि अजून टिकून आहे. ‘चंद्रगिरी’ हा नवा वाण म्हणाले तर लागवड २००७ नंतरची. नवी लागवड वाईट असते असं नाही, पण मग पाकिटावर पणजोबांचा फोटो कशाला? फळाची साल काढून बी धुऊन वाळवली की फळ सालीसकट वाळवलं, हेही विचारा. धुतलेल्या कॉफीची चव स्वच्छ लागते, सालीसकट वाळवलेलीत फळाचा गोडवा उतरतो. चांगला मळेवाला यावर अर्धा तास बोलतो. ‘सर, एकदम प्रीमियम आहे’ एवढंच ऐकू आलं, तर समजून जा.

पाकीट आलं की मूठभर बिया पांढऱ्या ताटात पसरा. आकार साधारण एकसारखा हवा. फिक्या, पिवळसर बिया म्हणजे कच्ची फळं तोडलेली. बारीक गोल भोक म्हणजे कीड. एका बाजूला सपाट नसलेल्या गोल बिया दिसल्या तर घाबरू नका, त्या पीबेरी. फळात दोनऐवजी एकच बी भरली की अशी होते. एक बी दाताखाली धरा, कुडकन फुटली पाहिजे.

आता चाखायचं. प्रत्येक नमुन्याला एक, अशा एकसारख्या वाट्या घ्या. दीडशे मिली पाण्याला आठ ग्रॅम कॉफी, इडली रव्याएवढी जाडसर दळलेली. आधी कोरडी पूड हुंगा. उकळलेलं पाणी अर्धा मिनिट थांबवून ओता. पाचगणी-महाबळेश्वरला असाल तर थांबूही नका, तेराशे मीटरवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. पाणी पिण्याचं हवं. बोअरच्या जड पाण्यात कॉफीची आंबट-गोड चव मरते आणि दोष मळेवाल्याच्या माथी येतो.

चार मिनिटं हात लावायचा नाही. पूड वर येऊन पापुद्रा धरते. नाक वाटीला लावून तो चमच्याने मोडा. सगळ्यात जास्त वास त्याच क्षणी येतो. वरचा फेस काढून टाका, आणखी पाच-सहा मिनिटं जाऊ द्या, मग चमच्याने जोरात भुरका मारा. ‘अरे, आमटी आहे का ती?’ असं आई दर वेळी म्हणते, पण भुरक्याशिवाय घोट तोंडभर फवारला जात नाही आणि वास नाकात चढत नाही. तरबेज चाखणारेही असेच भुरके मारून शंभरपैकी गुण देतात. ऐंशी आणि वर मिळाले की ती ‘स्पेशालिटी’, म्हणजे वरच्या दर्जाची कॉफी.

मोसंबीसारखा आंबटपणा चांगला, व्हिनेगरसारखा नाही. ओल्या गोणपाटाचा वास आला तर माल नीट वाळलेला नाही. वाट्या पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा चाखा. गरम असताना झाकलेले दोष गार झाल्यावर उघडे पडतात. गारही आवडली तीच मागवा.

रोजच्यासाठी स्टीलचा फिल्टर पुरतो. दूध घालून पिणार असाल तर ‘मध्यम भाजा’ म्हणून सांगा, हलकी भाजलेली दुधात हरवते. डबा मसाल्याच्या फळीवर ठेवू नका, फ्रिजमध्येही नको.

अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी चालते, त्यामुळे नव्या हंगामाचा माल साधारण मार्चपासून मिळू लागतो. गेल्या वर्षीच्या चवीवर विसंबू नका, नमुना पुन्हा मागवा. त्या दिवसांत फोन उचलला नाही तर रागावू नका. मार्च-एप्रिलचा फुलोऱ्याचा पाऊस वेळेवर पडतो की नाही, याच घोरात तिकडचं अख्खं घर असतं.