पेगचे द्रावण हाताळताना

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मी हायब्रिडोमाचे, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लीहेच्या पेशी आणि मायेलोमा या कर्करोगाच्या पेशी जोडून संकर पेशी मिळवण्याचे, काम हाती घेतले, तेव्हा पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे सर्वांच्या तोंडचा ‘पेग’, पेशींना डिंकासारखा चिकटवतो अशी माझी समजूत होती. वस्तुतः तो भोवतालचे पाणी बांधून ठेवतो, त्यामुळे शेजारच्या पेशींची पटले एकमेकांना खेटतात, आणि विलयाचा, म्हणजे दोन पेशींची मिळून एक होण्याचा, बराच भाग तर द्रावण पातळ होताना, पेशी पुन्हा फुगू लागल्यावर घडतो. हे ठाऊक नसल्यामुळे माझा पहिला प्रयोग वाया गेला.

प्लीहेच्या आणि मायेलोमाच्या पेशींची तळाशी बसलेली गोळी मी टिचकी मारून सैल केली, 37 अंशांवर ठेवलेले 50 टक्के पेग 1500 एक मिलिलिटर, नळी हलकेच फिरवत, मिनिटभरात थेंबाथेंबाने सोडले. येथवर सारे ठीक होते. मात्र पेग पेशींना मारक आहे या धास्तीने पुढचे दहा मिलिलिटर माध्यम मी एकदम ओतले. हॅट या निवडक माध्यमात संकर न झालेल्या मायेलोमा पेशी मरतात आणि प्लीहेच्या पेशी फार दिवस तगत नाहीत, म्हणून उरतात ते संकरच. दोन आठवड्यांनी माझ्या प्लेटमध्ये काहीच उरले नव्हते. सीरमविरहित माध्यमाचा पहिला मिलिलिटर मिनिटभर पुरवावा, उरलेले काही मिनिटांत हळूहळू सोडावे.

नावापुढचा आकडा रेणूचे सरासरी वजन सांगतो. यीस्टमध्ये डीएनए घालताना 3350 आणि मिठासह फाज, म्हणजे जिवाणूंना ग्रासणारे विषाणू, खाली बसवताना 8000 वापरण्याची रीत आहे. वनस्पतींच्या भित्तिकाहीन पेशींचा विलय पेगने होतो हे 1974 मध्ये दाखवले गेले. संत्रावर्गीय झाडांचे संकरही त्याच वाटेने झाले आहेत, याचे मला नागपूरकर म्हणून विशेष अप्रूप वाटते.

द्रावण करताना 50 ग्रॅम पेग विरघळवून एकूण घनफळ 100 मिलिलिटर करावे. 50 ग्रॅमवर 100 मिलिलिटर पाणी ओतल्यास ते पातळ होते. आपल्याकडचा मे महिना तर वेगळीच काळजी मागतो: बंद खोलीतल्या कपाटात आमच्या पेग 1500चे पापुद्रे मऊ होऊन त्यांचा एकच गठ्ठा झाला होता. सैल झाकणातून पाणी उडाले की द्रावण नकळत दाट होते, आणि यीस्टच्या कामात तेवढ्यानेही वसाहती झपाट्याने घटतात. म्हणून मी भरलेल्या बाटलीचे वजन तारखेसह तिच्यावर लिहिते, प्रत्येक वापराआधी व नंतर ती तोलते, आणि मधल्या काळात वजन घटलेले दिसले तर ती बाटली बाजूला काढते.