बायकांच्या मल्टिव्हिटॅमिनमधून पुरुषांना हार्मोन मिळतात का? या चुका टाळा

दादरला जा नाहीतर बोरिवलीला, मेडिकलच्या काउंटरवर दोन डब्या शेजारी शेजारी उभ्या असतात. गुलाबी डबी बायकांची, काळी किंवा निळी पुरुषांची. गुलाबी डबीकडे पुरुष तीन कारणांनी बघतात. त्यातल्या गोळ्यांनी बायकोचे केस सुधारले म्हणून कुणाला ती डबी हवी असते. घरात तीच पडली आहे म्हणून कुणी घेतो आणि मग घाबरतो, 'आपल्या पुरुषी हार्मोनवर परिणाम होणार नाही ना?' आणि काहींना नेमका तोच परिणाम हवा असतो. तिघांनाही उत्तर एकच: त्या डबीत हार्मोन नाहीत. इस्ट्रोजेन नाही, प्रोजेस्टेरॉन नाही, बायकांचा कुठलाच हार्मोन नाही.

मग फरक कशाचा? मुख्यतः लोहाचा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. पाळीत रक्त जातं, त्याची ही भरपाई. शिवाय गर्भाच्या दृष्टीने फॉलिक अ‍ॅसिड, थोडं कॅल्शियम, केसांच्या नावाने बायोटिन. बाकी बराचसा फरक रंगाचा आणि जाहिरातीचा.

चूक: व्हिटॅमिनला हार्मोन समजणं

जस्त किंवा ड जीवनसत्त्व फारच कमी असेल तर त्याचा टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे मुख्य पुरुषी हार्मोनवर, परिणाम होऊ शकतो, आणि कमतरता भरून काढली तर फायदाही होऊ शकतो. पण कमतरताच नसेल तर वरून घेतलेल्या गोळीने पातळी चढत नाही. सोसायटीची टाकी भरल्यावरही मोटर चालू ठेवली तर पाणी गच्चीवरून वाहून जातं, तसंच हे. हे पुरुषांच्या काळ्या डबीलाही लागू आहे, तिच्यावर कितीही दंड फुगवलेला माणूस छापलेला असो.

काही गोळ्यांत सोयाचे आयसोफ्लेव्होन, म्हणजे इस्ट्रोजेनशी थोडं साम्य असलेले वनस्पतीतले घटक, असतात आणि त्यांचं नाव ऐकून लोक दचकतात. पुरुषांवर झालेल्या अनेक चाचण्या एकत्र तपासून २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की त्यांनी टेस्टोस्टेरॉन घटत नाही आणि इस्ट्रोजेन वाढत नाही.

चूक: व्हिटॅमिनने काही होईना म्हणून गर्भनिरोधक गोळीकडे वळणं

शरीर स्त्रीसारखं व्हावं अशी ज्यांची मनापासून इच्छा असते, त्यांतले काही जण माला-डीसारख्या गोळ्या स्वतःच सुरू करतात. या गोळ्यांत मात्र खरे हार्मोन असतात. त्यातल्या इथिनिल इस्ट्राडायोल या कृत्रिम इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, सिगारेट ओढणाऱ्याला तर आणखी. यासाठी रीतसर उपचार आहेत. त्यांत औषध वेगळं असतं, मात्रा रक्ततपासणी करत ठरवली जाते. लाजून मेडिकलवाल्याला विचारण्यापेक्षा एंडोक्रायनोलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरला, विचारा. परळच्या केईएमसारख्या सरकारी-पालिका रुग्णालयांतही हा विभाग असतो.

चूक: थकव्यावर लोहाची गोळी

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. विरारहून चर्चगेटपर्यंत उभ्याने येणारा माणूस थकणारच, हे मान्य. पण पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर त्याला पाळीचं कारण नसतं. मग रक्त कुठून जातंय? मूळव्याध, पेनकिलर खाऊन झालेला अल्सर, कधी आतड्याचा कॅन्सर. बायकोच्या गोळ्या खाऊन आकडा थोडा वर येतो, माणूस निर्धास्त होतो आणि मूळ आजार तसाच राहतो. त्यात लोहाने शौचाचा रंग काळा होतो, त्यामुळे पोटातल्या रक्तस्रावाची खूणही लपून जाते.

दुसरी शक्यता थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या हिमोग्लोबिनच्या सौम्य दोषाची. मुंबईत सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत तो जास्त दिसतो, पण इतरांतही असतो. यात हिमोग्लोबिन जरा कमी राहतं, लोहाचा साठा मात्र बहुधा पुरेसा असतो. अशा माणसाने महिनोन्‌महिने लोह खाण्यात अर्थ नाही, पुरुषाच्या शरीराला जादा लोह बाहेर टाकायची सोय जवळपास नसतेच. म्हणून आधी सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) करा. फेरिटिन चांगलं असूनही हिमोग्लोबिन कमी असेल तर थॅलेसेमिया मायनर ओळखणाऱ्या, हिमोग्लोबिनच्या एचपीएलसी तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.

उगाच घाबरू मात्र नका. चुकून आठवडाभर गुलाबी डबीतली गोळी घेतली म्हणून निरोगी पुरुषाला काही होत नाही. प्रश्न रोज, वर्षभर आणि सोबत आणखी दोन टॉनिकं घेणाऱ्यांचा आहे.

चूक: बायोटिन चालू असताना तपासणीसाठी रक्त देणं

केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन अनेकदा १० मिलिग्रॅमपर्यंत असतं. रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे हे शेकडो पट झालं. याने हार्मोन बदलत नाहीत, रिपोर्ट बदलतो. काही यंत्रांवर थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खोटं कमी आणि टी-३, टी-४ खोटं जास्त दिसतं, टेस्टोस्टेरॉनचा आकडाही हलू शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिनही खोटं कमी येऊ शकतं, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २०१७ मध्ये इशारा दिला होता. 'गोळीने हार्मोन सुधारले' असं सांगणाऱ्यांचे रिपोर्ट मी म्हणूनच जरा संशयाने बघतो. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, आणि घरी रक्त घ्यायला येणाऱ्या मुलालाही सांगा.

किरकोळ, पण रोजच्या चुका

कटिंगसोबत लोहाची गोळी घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा.

हार्मोनची खरंच शंका असेल तर

कामेच्छा कमी होणं, दाढी विरळ होणं, छाती वाढणं, मूल न राहणं या तक्रारींवर व्हिटॅमिन शोधत बसू नका. टेस्टोस्टेरॉन सकाळी साधारण सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी तपासतात, आणि कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा. संध्याकाळी ऑफिसातून सुटून दिलेल्या रक्तावर विश्वास ठेवू नका. मालाड-पवईत रात्रपाळी करणाऱ्यांनी आपली झोपेची वेळ डॉक्टरांना आधीच सांगावी. आणि जाताना घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या, गुलाबीसुद्धा.