मोगरा घेताना घड्याळ बघा

"शिमगो सरलो की टोपलेचो रंग बदलता," असं आमची घरकारीण, म्हणजे बायको, म्हणते. मला तो बदल आधी डोळ्यांनी कळला नाही, नाकाने कळला. मी एसटीत कंडक्टर होतो. शिरोड्याकडची वस्तीची गाडी पहाटे निघाली की आरवली, टाक, मोचेमाड करत वेंगुर्ल्यापर्यंत फुलवाल्या चढायच्या. थंडीत त्यांच्या टोपल्यांत कुंद, अबोली, तगर, चार जास्वंदी, वर झाकायला केळीचं पान. माघ संपत आला की एका पहाटे गाडीच्या मागच्या दारातून असा वास आत यायचा की डिझेलचा वास कुठल्या कुठे जायचा. सुरंगी आली, उन्हाळा लागला. मी डबल बेल मारायचो आणि मनात म्हणायचो, आता टोप्या काढा.

निवृत्त झालो तेव्हा घरकारणीची बोटं आखडायला लागली होती. गजरे तीच बांधायची. आता मी बांधतो, बाजारात टोपली घेऊन मीच बसतो. पहिल्या महिन्यात मी बांधलेला गजरा हातात घेऊन ती म्हणाली, "तुमी गजरो करतास काय तिकिटां फाडतास?" पुढे हात बसला. पण गिऱ्हाइकांचे प्रश्न दर उन्हाळ्यात तेच असतात. कालचा गजरा काळा का पडला, सकाळी नेला तर वास का नाही, लग्नाला किती आधी सांगायचं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

आधी टोपलीतून काय जातं ते बघा. कुंद थंडीचा, तो फाल्गुनात विरळ होतो. त्या दिवसांत कोणी 'मोगरा' म्हणून कुंदाचा गजरा दिला तर हुंगून बघा. कुंद दिसायला गोड, पण वासाच्या नावाने जवळजवळ शून्य, आणि पाकळ्या अरुंद, टोकदार. शेवंती घाटावरून येते. थंडीत ती टवटवीत असते. चैत्रात रात्रभर घाट उतरून आलेली शेवंती मधोमध तपकिरी झालेली असते. उलटी करून देठाकडची पाकळी ओढून बघा, सहज हातात आली तर ठेवून द्या. झेंडूचंही तेच. पाडव्याला गुढीसाठी हार लागतो म्हणून लोक घेतात, घ्या बापडे. पण आदल्या दुपारी घेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, आत घाम सुटतो आणि सकाळी मधला भाग कुजका निघतो. टोपलीत मोकळा पसरून ठेवला तर दोन दिवस जातो. अबोली मात्र कुठे जात नाही. तिला वास नाही, पण रंग असा की मोगऱ्याच्या गजऱ्यात चार-चार कळ्यांनंतर एक अबोली घातली की गजरा उठून दिसतो. दुसऱ्या दिवशी मोगरा मान टाकतो, अबोली तशीच ताठ.

आता सुरंगी. घाटावरच्या पाहुण्यांना हे झाड माहीत नसतं, म्हणून सांगतो. उंच, गर्द, जाड पानांचं झाड, किनाऱ्यावरच्या उंडीच्या घराण्यातलं. फुलं फांदीच्या शेंड्याला येत नाहीत, जुन्या फांद्यांना चिकटून झुबक्यांनी येतात. बहर आला की झाडाखाली उभं राहावं, कुठेतरी पंप चालू आहे असं वाटतं. ते पंप नव्हेत, मधमाश्या. आसोली, आरवलीच्या बाजूला ही झाडं जपलेली आहेत. पहाटे माणूस वर चढतो, खाली जुन्या साड्या पसरतात आणि ऊन चढायच्या आत कळी उतरवतात. ऊन चढलं की कळी उमलते, आणि उमललेली सुरंगी ओवायला घेतली की केसर झडतं. सगळा धंदा त्या दोन-तीन तासांचा. एक झाड एकदम फुलून संपत नाही, थांबून थांबून बहर देतं. म्हणून एखाद्या आठवड्यात सुरंगी मिळाली नाही तर 'संपली' म्हणून परत जाऊ नका, पुढच्या आठवड्यात विचारा. एप्रिल मध्यावर आला की मात्र खरंच संपते.

सुरंगीच्या माळेला आम्ही गजरा म्हणत नाही, वळेसर म्हणतो. घेताना सकाळी घ्या आणि त्यातल्या निम्म्या तरी कळ्या मिटलेल्या असू द्या. पूर्ण पिवळा, फुललेला वळेसर दिसायला भारी, पण घरी जाईपर्यंत पदरावर केसर सांडतं. तिच्यावर पाणी मारायचं नाही. फ्रीजमध्येही ठेवू नका, निदान दूध आणि लोणी असलेल्या फ्रीजमध्ये तर नकोच. आमच्याकडे एकदा मुलाने ठेवली आणि दोन दिवस चहाला सुरंगीचा वास येत होता. रात्री पानात गुंडाळून उघड्यावर ठेवा. वाळली तरी टाकू नका, वास बरेच दिवस राहतो. वाळवलेली कळी व्यापारी किलोवर घेऊन जातात, अत्तराच्या कामाला.

मोगऱ्याकडे येतो, कारण खरी फसगत तिथे होते.

मोगरा हे रात्रीचं फूल. पूर्ण वाढलेली कळी संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला सुटायला लागते आणि रात्री घमघमते. बाजारात येणारा माल पहाटे काढलेला असतो, म्हणजे मिटलेला. त्या दिवशी सकाळी घेतलेल्या कळीला दुपारपर्यंत वास जेमतेम. गिऱ्हाईक म्हणतं, "काका, वास नाही." मी म्हणतो, सात वाजता फोन करून सांगा.

हे मला शहाणपणाने नाही, फजितीने कळलं. भाचीचं लग्न, मुहूर्त सकाळी अकराच्या आसपासचा. मी नुकताच शिकलेला, अंगात जोर. पहाटे पहिला माल आला त्यातल्या निवडून निवडून टपोऱ्या कळ्या घेतल्या आणि बायकांच्या पंचवीस वेण्या बांधल्या. नवरीची तर दुहेरी. मांडवात सगळ्यांच्या डोक्यात हिरवट पांढरे मणी. फोटोत साबुदाणा माळल्यासारखं दिसतं. वास काही नाही. संध्याकाळी वऱ्हाडाचा टेम्पो परत निघाला आणि मठ गावच्या चढावर मोगरा फुलला. आत बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा हसायला लागल्या. नवरीने तोवर वेणी काढून खिळ्याला अडकवली होती.

तेव्हा कधी माळायचा आहे ते आधी ठरवा. संध्याकाळचा कार्यक्रम, चैत्रगौरीचं हळदीकुंकू, रिसेप्शन असेल तर त्याच दिवशी सकाळची घट्ट कळी घ्या. सकाळचं लग्न असेल तर आदल्या दिवशी पहाटे काढलेली कळी घ्या आणि बांधून थंड जागी ठेवा. रात्रीत ती हळूहळू सुटते आणि सकाळी अर्धी उमललेली, वासाची मिळते. फुलवाल्याला नुसतं 'लग्नाला गजरे हवेत' एवढं सांगू नका, मुहूर्ताची वेळ सांगा. आणि लग्नसराईत चार दिवस तरी आधी सांगा. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी 'चाळीस गजरे द्या' म्हणणाऱ्याला मी चहा पाजतो आणि घरी पाठवतो.

कळी बघायची कशी? तळहातावर चार घ्या. पांढरी शुभ्र, पोटाला फुगीर आणि टोक किंचित सैल दिसत असेल तर ती आज उमलणार. लहान, टणक, हिरवट असेल तर ती लवकर तोडलेली आहे. ती फुलणारच नाही, तशीच सुकेल. टोक तांबूस किंवा तपकिरी असेल तर शिळी. माझी खरी परीक्षा देठावर आहे. देठाचं तुटलेलं टोक हिरवं, ओलसर म्हणजे आजचं, काळपट कोरडं म्हणजे कालचं. ढीग पाण्याने चमकत असेल तर हात आत घालून तळाची मूठ काढा. वरचा माल सगळेच चांगला ठेवतात, मी पण ठेवतो.

जातींचं थोडक्यात. बटमोगरा म्हणजे गोल, घट्ट, अनेक पाकळ्यांचा. तो गजऱ्यात भरदार दिसतो आणि टिकतो. मदनबाण लांबट, टोकदार, वेणीला छान. साधा एकेरी मोगरा वासाला मला सगळ्यात आवडतो, पण रात्रभराचा सोबती, सकाळी त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. रानातली कुसर याच दिवसांत फुलते. ती बाजारात क्वचित, एखादी मुलगी वाटीभर घेऊन येते. मिळाली तर भाव न करता घ्या.

घरी बांधायचा असेल तर दोरा विसरा. घड कापून झालेली केळ असते ना, तिचं बाहेरचं वाळकं सोप, म्हणजे खोडावरचं सालपट, काढून आणा. अर्धा तास पाण्यात भिजवा, पिळा आणि नखाने उभे बारीक पदर फाडा. सुती दोरा कोवळा देठ कापतो, ओलं सोप कापत नाही आणि कळीला गारवा देतं. पदराचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवा. खुर्चीवर बसून हे जमत नाही, जमिनीवर बसा. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत दोन कळ्या धरा, तोंडं डावीकडे. त्यांच्या देठांवर देठ टेकवून दोन कळ्या उजवीकडे तोंड करून ठेवा. पदराचा एक वेढा चारही देठांवर घ्या, दुसरा वेढा घेताना बोटाभोवती फास करून त्यातून देठ आत घ्या आणि ओढा. ओढणं हेच शिकायचं असतं. माझा पहिला महिना त्यात गेला. सैल राहिला तर गजरा डोक्यावर जायच्या आत गळतो, जोरात ओढला तर देठ चिरडतो आणि ती कळी दुपारी काळी पडते. फास देठावर 'बसला' की बोटाला कळतं, तिथे थांबायचं. पुढच्या चार कळ्या आधीच्या फासाला अगदी चिकटून. मध्ये सोप दिसलं तर उसवा आणि परत करा. घरकारीण उसवायला लावायची, म्हणून सांगतो.

मोजायचं हाताने, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक हात. माझा हात घरकारणीपेक्षा लांब, त्यामुळे जुनी गिऱ्हाइकं आता मापाला माझाच हात मागतात.

ठेवायचं असेल तर वरून पाणी शिंपडू नका. मोगऱ्यावर थेंब राहिला की तिथे डाग पडतो. सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा, स्टीलच्या डब्यात अंथरा, त्यावर केळीचं पान, पानावर गजरा, वर परत पान आणि झाकण. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवलात तर कळी काचेसारखी होते आणि बाहेर काढल्यावर चिखल. सोनचाफा मिळाला तर त्याची गोष्ट उलटी. त्याची मिटलेली कळी पाण्याने भरलेल्या बाटलीत बुडवून बूच लावा, बरेच दिवस बघायला मिळते. वास घ्यायचा तर बाटलीबाहेरची ठेवा.

बकुळीसाठी बाजारात कशाला येता? आम्ही तिला ओवळं म्हणतो. देवळाच्या आवारात, शाळेच्या कुंपणाला कुठेतरी झाड असतंच. रात्री फुलं गळतात. पहाटे झाडलोट व्हायच्या आत जा आणि वेचा. त्या फुलाला मधोमध देवानेच भोक पाडलेलं आहे, सुई लागत नाही. माडाच्या झावळीचा हीर काढा, त्यावर फुलं ओवत जा आणि हिरावरून सोपाच्या पदरावर उतरवा. आमची आई ओवळांचा वळेसर लुगड्यांच्या ट्रंकेत टाकायची. पुढच्या शिमग्याला ट्रंक उघडली की चॉकलेटी झालेली फुलं आणि तोच वास.

दारात मोगरा लावलाय पण फुलत नाही, असं विचारणाऱ्यांना एकच विचारतो, पौषात कात्री चालवली का? पावसाळ्यानंतर झाड पानांचं नुसतं रान करतं. थंडीत फांद्या छाटा, राहिलेली पानं ओरबाडा, पंधरा-वीस दिवस पाणी तोडा. मग बुंध्यात शेणखत घालून पाणी सुरू करा. नव्या फुटीलाच कळी येते. आणि कुंडी माडाच्या सावलीतून काढा, त्याला ऊन पाहिजे.

मे संपताना टोपली परत बदलते. वळवाची एक सर झाली की मोगऱ्याच्या कळीवर तपकिरी ठिपके येतात. तो माल मी निम्म्या भावाने देवपूजेला देतो, माळायला देत नाही. तेव्हा अनंत येतो. तो बांधायला मागू नका, मी देणार नाही. एक फूल दोन पानांसकट घ्या, पेल्यात पाणी घालून ठेवा आणि पाकळीला बोट लावू नका. जिथे बोट लागतं तिथे तासाभरात पिवळा डाग उठतो, आणि मग तुम्ही म्हणता, काकांनी शिळं दिलं.